एका सीटचं विमान

माझं विमान जमिनीवर उतरताना बघून एक सत्तरीतले गृहस्थ इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. आमची खरी ओळख झाली ती अशी.

मी तेव्हा बदलापूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. राहायला अंबरनाथला, बुवापाड्यात, आईपप्पांकडे. वय तेवीस, तोंड फटकळ आणि डोक्यात सकाळ-संध्याकाळ विमानं. खऱ्या विमानात मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण विमान उडवायचा जो गेम असतो, ज्याला आम्ही खेळणारे ऐटीत सिम्युलेटर म्हणतो, त्याची सीडी उल्हासनगरच्या मार्केटमध्ये हाती लागली आणि मी कामातून गेले. क्लासला जेवणाची सुट्टी झाली की डबा मांडीवर, डाव्या हातात चपातीची गुंडाळी आणि उजव्या हातात जॉयस्टिक.

मोठी विमानं मला कधीच आवडली नाहीत. एक बटण दाबलं की ती आपली आपण जातात, खाली नुसते ढग, आपण जांभया देत बसायचं. मला आवडायचं ते शेतावर औषध मारायचं विमान. परदेशात कुणीतरी हौसेने बनवून इंटरनेटवर फुकट ठेवलेलं, पिवळंधम्मक. ते डाउनलोड होताना दोनदा लाइट गेले होते आणि मी दोन्ही वेळा रडले होते. हे विमान बांधावरून उडी मारतं, पिकाला चाकं घासतील एवढं खाली येतं, पांढरं औषध सोडत शेताच्या टोकाला जातं, गपकन वर उठतं आणि वळून परत. मला वाटायचं, बास, याच्यापुढे सुख नाही.

त्या दुपारी मी तेच पिवळं घेऊन उतरत होते. एकदम मख्खन. चाकं टेकली, विमान सरळ रेषेत धावलं आणि शहाण्यासारखं थांबलं. तेवढ्यात मागून खो खो हसण्याचा आवाज. वळून बघते तर ज्येष्ठांच्या बॅचमधले एक काका. मुलाला ईमेल करता यावा म्हणून यायचे आणि कीबोर्डवर एका बोटाने अशी टिचकी मारायचे, जसा तो चावणार आहे. ते भिंतीला धरून हसत होते. मी खुर्ची पुढे केली, ती माणुसकी म्हणून. राग आला होताच.

"काय झालं काका, सांगा ना, आम्ही पण हसतो."

"काही नाही मॅडम," ते डोळे पुसत म्हणाले. "तुमचं विमान फार संस्कारी आहे. सांगितलं तसं सरळ चालतं."

"मग कसं चालायला पाहिजे?"

"हे पिवळं? हे उतरलं की आधी डावीकडे बघतं, मग उजवीकडे बघतं, आणि आपलं लक्ष नाही असं दिसलं की गर्रकन मागे तोंड करून उभं राहतं. मी निम्मं आयुष्य त्याच्यात काढलंय. कापूस, ऊस, भुईमूग. औषध मारायचो."

माझ्या हातातली चपाती खाली पडली. ज्या माणसाला मी तीन आठवडे 'काका, एंटर दाबा' म्हणून शिकवत होते, तो फवारणीच्या विमानाचा पायलट निघाला. मी त्यांना जवळजवळ ढकलूनच माझ्या जागेवर बसवलं. त्यांनी जॉयस्टिक हातात घेतली, विमान वर नेलं, एक वळण घेतलं, औषधाचं बटण दाबलं आणि जॉयस्टिक खाली ठेवली.

"हे विमान नाही," ते म्हणाले. "हे विमानाचं कॅलेंडर आहे."

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा, मी दुरुस्त करते." कारण ते पिवळं विमान कसं उडावं हे एका साध्या फाइलमध्ये आकड्यांनी लिहिलेलं असतं. वजन किती, पंख किती मोठे, शेपटीत जोर किती. आकडे बदलले की विमान बदलतं. काकांनी परत एकदा स्क्रीनवरच्या पिवळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रविवारी घरी या." त्या दिवसापासून मी त्यांना कॅप्टन म्हणायला लागले.

कॅप्टनचं घर बदलापूरलाच, तिसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे कॅप्टनच्या खांद्याला लागतील एवढ्याच, पण आवाज जिन्यापर्यंत. पुढच्या खोलीत मुलाने घेऊन दिलेला कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी काकूंचं पायाचं शिलाई मशीन. सोसायटीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्या मशीनवर शिवलेले.

"विमानवाली ती हीच का? ये गं," काकू म्हणाल्या. "बरं झालं, आता तुझ्याशी बोलतील. मला पाठ झालंय सगळं." आणि मला चहा द्यायच्या आधीच त्यांनी नवऱ्यावर खटला भरला.

"माझं लग्न ठरलं ना, तेव्हा अख्ख्या गावात बोभाटा. मुलगा विमान चालवतो. मी मैत्रिणींना सांगून बसले, तुमच्या कौलांवर वरून फुलं टाकीन म्हणून. हे पण म्हणाले, नेतो तुला. लग्नानंतर एकदा घेऊन गेले विमान दाखवायला. मी नवी साडी, केसात गजरा. बघते तर त्या मेल्या विमानाला एकच सीट."

"मी टाकीत बसवतो म्हटलं होतं," कॅप्टन पेपराच्या मागून म्हणाले.

"औषधाच्या टाकीत. बायकोला." काकूंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "लोकांच्या बायका स्कूटरवर मागे बसून फिरल्या. मला काय मिळालं, तर तो वास. हे घरात यायच्या आधी तो वास यायचा. कपडे वेगळ्या बादलीत, अंगणात, नाकाला पदर लावून धुवायचे मी. त्या वासाला मी सवत म्हणायचे."

मी एवढी हसले की चहा नाकात गेला. कॅप्टननी मात्र पेपर खाली ठेवला. ते म्हणाले, दिवाळीनंतर आम्ही नागपूरला मुलाकडे कायमचे जातोय, हे घर विकलं. त्याच्या आत तुझं विमान नीट झालं तर मी हिला त्यात बसवीन. पण नीट झालं तर. "चाळीस वर्षं थांबलीय ती. आता खोट्यात नाही नेणार."

"ऐकलंस? अजून अटी आहेतच," काकू म्हणाल्या, पण आत जाताना त्यांनी पदर उगाचच सारखा केला. ते मी बघितलं आणि मला एकदम चेव आला. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, या बाईला मी वर नेणार.

मग मी तो गेम त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकला, एक जॉयस्टिक जोडली आणि सुरू झाले आमचे रविवार. आठवडाभर मी बुवापाड्यात माझ्या कॉम्प्युटरवर आकडे बदलायचे आणि रविवारी पेन ड्राइव्ह गळ्यात घालून बदलापूरला हजर. कॅप्टन बसायचे, उडवायचे आणि म्हणायचे, "नाही." बस, एवढंच. मी विचारायचे, काय नाही, कुठे नाही, किती नाही. मग ते तासभर बोलायचे आणि काकू मधून मधून म्हणायच्या, "हे लग्नाआधी एवढं बोलले असते तर मी विचार केला असता."

पहिली तक्रार वजनाची. खऱ्या विमानाच्या पोटात औषधाची भली मोठी टाकी असते. भरली की विमान गाभण म्हशीसारखं उठतं, रिकामी झाली की अंगात वारं भरल्यासारखं उडायला लागतं. माझं पिवळं औषध मारायच्या आधीही तसंच आणि नंतरही तसंच. या गेममध्ये औषधाला वजनच नव्हतं, तो नुसता पांढरा धूर होता. मी डोकं लावलं. गेममध्ये वजन कमी होणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे इंधन. म्हणून मी औषधाची टाकी इंधनाची टाकी म्हणून लिहिली आणि बटण दाबलं की ती भराभर रिकामी होईल असं केलं. स्वतःवर इतकी खूश झाले की रविवारी जाताना पेढे घेऊन गेले.

कॅप्टन उडाले. विमान जड उठलं. "हं," कॅप्टन म्हणाले. त्यांनी औषध सोडलं, विमान हलकं होत गेलं, "हं, हं," शेताचं टोक आलं, टाकी संपली आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांतता. पिवळं विमान तसंच तरंगत गेलं आणि झाडीत शिरलं.

मी फाइल उघडून बघितली. इंजिनाला मी औषधाच्या टाकीची नळी जोडून ठेवली होती. इतका वेळ विमान कीटकनाशकावर उडत होतं.

कॅप्टन त्या दिवशी हसत हसत खुर्चीवरून खाली घसरले, ते जमिनीवरच राहिले. काकूंनी पेढे वाटले. म्हणाल्या, "असू दे गं, किडे तरी मेले असतील." घरी येऊन मी हे सांगितलं तर पप्पा दोन दिवस जेवताना मध्येच थांबून हसायचे. आईला मात्र माझी काळजी. नुकतंच एक स्थळ आलं होतं आणि मुलाकडच्यांनी विचारलं, मुलीला आवड कशाची. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हवाई फवारणी." ते स्थळ परत फिरकलं नाही, ते बरंच झालं.

दुसरी तक्रार पायांची. विमान जमिनीवर सरळ ठेवायचं काम हातांचं नसतं, पायांचं असतं. कॅप्टन म्हणायचे, हातगाडी ओढली तर मुकाट मागे येते आणि ढकलली तर तोंड फिरवते. हे विमान जन्मभर ढकलल्यासारखं चालतं, म्हणून दोन पायांनी त्याला सारखं समजवायला लागतं. जॉयस्टिकवर पाय कुठून आणू? तसे पेडल परदेशात मिळायचे म्हणे. मी गेले उल्हासनगरला.

उल्हासनगरात जीन्स शिवायचे कारखाने. जुनी पायाची मशीनं काढून तिथे मोटरची बसवली होती आणि जुन्यांचा भंगारवाल्याकडे ढीग. तो भंगारवाला, एक सिंधी चाचा, गादीवर बसून डोळे मिटून माझं ऐकत होता.

"क्या बनाना है?"

"हवाई जहाज का पेडल."

चाचाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "सॅम्पल लाया क्या?"

उल्हासनगरची ही रीत मला मनापासून आवडते. काय, कशाला, कोणासाठी, असलं काही विचारत नाहीत. सॅम्पल दाखवा, बनवून देतो. माझ्याकडे सॅम्पल नव्हतं, म्हणून मी भर दुकानात दोन पाय हलवून दाखवले, एक खाली तर दुसरा वर. चाचाने ते दोनदा बघितलं. मग शिलाई मशीनच्या दोन पायपट्ट्या ढिगातून काढल्या, मध्ये एक सळई वेल्ड केली, एक दाबली की दुसरी उचलली जाईल अशी. "उडेगा," म्हणाला. जुन्या रेडिओच्या आवाजाचं गोल बटण असतं, ते त्याच्याखाली बसवून तारा कॉम्प्युटरला जोडायचं काम मी घरी केलं. पट्टी हलली की बटण फिरतं, बटण फिरलं की विमानाची शेपटी वळते. ते लोखंडी धूड बदलापूरला नेताना रिक्षावाल्याने विचारलं, शिलाईचा क्लास काढताय का ताई. मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्याने उतरवलं असतं.

कॅप्टननी चपला काढून त्या पट्ट्यांवर पाय ठेवले. मी फाइलमध्ये विमानाचा संस्कारीपणा काढून टाकला होता. विमान धावपट्टीवर सुटलं, डावीकडे तोंड वळवलं, आणि कॅप्टनचा उजवा पाय गेला. उजवीकडे वळवलं, डावा गेला. बघता बघता दोन्ही पाय ठेक्यात नाचायला लागले. वरचं अंग अगदी स्थिर, नजर पुढे, आणि खाली ही धावपळ.

"अगंबाई," काकू दारात येऊन म्हणाल्या. "घरात हे एवढे कधी हलत नाहीत."

विमान उडालं. कॅप्टन त्या दिवशी 'नाही' म्हणाले नाहीत. मी परत अंबरनाथला गेले ते जवळजवळ तरंगतच.

मग प्रश्न शेताचा. गेममध्ये आपल्याकडची जमीन म्हणजे नुसता हिरवा-तपकिरी डाग. मी म्हटलं, आपण खरं शेत बनवू, चामटोलीचं. इथून जवळ, जाऊन बघता येईल. भादव्यातल्या एका रविवारी आम्ही तिघं रिक्षा करून गेलो. काकूंनी दशम्या आणि लोणचं घेतलं होतं. चामटोलीला भात पोटरीला आलेला, चहूकडे हिरवं, आणि प्रत्येक खाचर आमच्या क्लासच्या हॉलएवढं.

"इथे काय फवारू?" कॅप्टन कमरेवर हात ठेवून म्हणाले. "हे शेत आहे की अंगण?"

"आपण चार बांध काढून टाकू," मी म्हटलं. "कॉम्प्युटरवर कोण विचारतो."

मग कॅप्टननी मला वळण शिकवलं. बांधावरून, दोन्ही हात पसरून, धावत. सत्तरीतला माणूस पांढऱ्या लेंग्यात विमान झालाय. "टोकाला लगेच वळायचं नाही," ते ओरडून सांगत होते. "आधी थोडं उलट्या अंगाला जायचं. जागा करून घ्यायची. मग आत वळायचं. वळताना नाक उचलशील तर खाली येशील. आणि वारा बघ. वारा ज्या कडेकडे जातो, त्या कडेपासून सुरुवात. म्हणजे मारलेलं औषध आपल्यापासून लांब जातं. उलट केलंस तर पुढच्या फेरीला स्वतःच्याच औषधात घुसशील." मी मागे हात पसरून धावत होते. काकू बांधावर बसून पोट धरून हसत होत्या.

शेताचा मालक आला. खांद्यावर घोंगडी, हातात विळा. आम्हाला बराच वेळ न्याहाळून म्हणाला, "जागा बघताय काय? रोज एक येतो. कोन बिल्डर, कोन एजंट. तुमी कोन?"

"आम्ही औषध मारायला आलोय," कॅप्टन धापा टाकत म्हणाले. "विमानातून."

त्याने आपल्या खाचराकडे बघितलं, मग आकाशाकडे, मग कॅप्टनच्या लेंग्याकडे. "ह्यात विमान? माजा बैल वळत नाय नीट."

काकूंनी त्याला समजावलं की हे कॉम्प्युटरवरचं आहे, पोरीने बनवलेलं.

"म्हंजे खोटं खोटं?"

"हो."

"मंग मारा की." त्याचा जीव भांड्यात पडला. दोन पावलं गेला आणि परत आला. "पन तो टोकाचा आंबा सांभाळा हां. आज्याचा हाय."

मी कबूल केलं. परत येऊन चामटोलीचं शेत बनवलं, चार बांध काढले, आणि टोकाला आज्याचा आंबा अगदी त्याच्या जागेवर लावला.

पुढचे रविवार मी काय सांगू. वळणात वेग कमी व्हायला लागला. नाक उचललं तर विमान थरथरून खाली यायला लागलं. पिकाच्या अगदी जवळ गेलं की खालून कोणीतरी हात दिल्यासारखं तरंगायला लागलं. औषधाचा पांढरा धूर पूर्वी जिथे सोडला तिथेच लटकायचा, तो आता वाऱ्याबरोबर सरकायला लागला. कॅप्टन एकेका गोष्टीला "हं" म्हणत होते. फक्त शेवटी, उतरून इंजिन बंद केलं की, पायपट्ट्यांवरून पाय न काढता तसेच बसायचे.

"काय राहिलं आता?" मी विचारायचे.

"काहीतरी राहिलंय. काय ते सांगता येत नाही. सगळं बरोबर आहे, पण मी तिथे नाहीये."

असा राग यायचा मला. वजन सांगा, वेग सांगा, मी बदलते; पण 'मी तिथे नाहीये' याला कुठल्या ओळीत काय आकडा टाकू? मी घरी जाऊन फाइलीत उगाच इकडचं तिकडे करायचे आणि आईवर चिडायचे. तिकडे दसरा गेला. दिवाळी आली आणि गेली. काकूंच्या घरात खोकी बांधून व्हायला लागली, भिंतीवरचे फोटो उतरले, आणि कॅप्टन काकूंना बसायला सांगेनात. मला धडकी भरली. ही माणसं नागपूरला जाणार आणि ती बाई एकदाही वर जाणार नाही.

जायच्या आधीच्या रविवारी मी गेले तर घरात नुसती खोकी. शिलाई मशीन दोरीने बांधलेलं. कॉम्प्युटर तेवढा जोडलेला. कॅप्टननी एक फेरी मारली, उतरले आणि मान हलवली. "नाही गं. जवळ आलंय, पण नाही."

काकू पोळपाट गुंडाळत होत्या. तो ठेवून त्या उठल्या.

"उठा," त्या कॅप्टनना म्हणाल्या.

"अगं, अजून..."

"तुमचं विमान तयार होईपर्यंत मी अशीच वर जाईन, विमानाशिवाय. उठा म्हणते ना."

कॅप्टन उठले. काकू खुर्चीत बसल्या. पदर खोचला. पाय पायपट्ट्यांवर ठेवले आणि त्यांचा चेहरा उजळला, कारण ती त्यांची ओळखीची जागा होती. मी म्हटलं, काकू, उजवा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे. "कळतंय गं," म्हणाल्या. मी इंजिन चालू केलं.

आणि काकूंनी मशीन मारायला सुरुवात केली. आयुष्यभराची सवय. टाच-चवडा, टाच-चवडा, एका लयीत. पिवळं विमान धावपट्टीवर बदकासारखं डोलायला लागलं, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. "अहो काकू, शिवू नका," मी ओरडले. "पाय थांबवा."

"थांबवले की टाका सुटतो," काकू म्हणाल्या आणि पाय आणखी जोरात मारायला लागल्या. कॅप्टन खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, त्यांना हसूही येत होतं आणि जीवही जात होता. विमान डोलत डोलत, झोकांड्या खात, कसं कोण जाणे, उडालं.

"उडालं," काकू हळूच म्हणाल्या. एवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

खाली चामटोलीचं शेत. कॅप्टन मागून सांगत होते, दांडी थोडी पुढे, आता सोड, आता सरळ. काकूंनी औषधाचं बटण दाबलं. पांढरा पट्टा मागे पसरत गेला. पण त्यांनी सुरुवात नेमकी उलट्या कडेने केली होती, जिथून वारा येत होता तिथून. कॅप्टनच्या ध्यानात ते आलं, पण काकूंना इतकं सुख झालं होतं की ते काही बोलले नाहीत. टोकाला काकू वळल्या. कुठलं उलट्या अंगाला जाणं आणि कुठलं काय, विमान भलतंच मोठं वळण घेऊन, शिवणीच्या ठेक्यात डोलत परत शेतावर आलं. समोर त्यांनीच मारलेलं औषध वाऱ्याने सरकत आलं होतं. सगळा स्क्रीन पांढरा होत गेला.

काकूंचा डावा हात उठला. त्यांनी खोचलेला पदर ओढून काढला आणि नाकावर दाबून धरला. पाय थांबले.

मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांचे गाल आत गेले होते, ओठ मिटलेले. श्वास धरला होता त्यांनी. पांढऱ्यातून बाहेर येईपर्यंत दोघंही तसेच, एक पदर लावून, एक श्वास धरून. मग निळं आकाश आलं, आणि निळ्या आकाशात मधोमध आज्याचा आंबा. पाय थांबलेले, वळणार कशी? विमान त्यात गेलं.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. कॅप्टननी सोडलेला श्वास मला ऐकू आला. ते एका खोक्यावर बसले आणि त्यांनी काकूंच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"हेच," ते म्हणाले. "हेच राहिलं होतं."

काकूंनी पदर अजून काढला नव्हता. पदरातूनच म्हणाल्या, "ह्याच्यात तुम्ही रोज जात होतात?"

"हो."

"रोज?"

"हो गं."

"मला वाटायचं, तो वास कपड्यालाच लागतो तेवढा." त्यांनी थोडा वेळ स्क्रीनवरच्या आंब्याकडे बघितलं. मग कॅप्टनचा हात धरला. "नेलंत हो. नेलंत एकदाचं." आणि माझ्याकडे वळून, पदर तसाच नाकावर धरून म्हणाल्या, "बघत काय बसलीस? खिडकी उघड आधी."

काकू, तो कॉम्प्युटर आहे, त्याला वास नसतो, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी उठले आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.